खपऱ्याची बाटली

माकणी,
बुधवार, १४ मे २०२५

प्रिय रणधीरराव,

सप्रेम नमस्कार. इकडे सगळे खुशाल. वडिलांचा गुडघा बरा आहे, धरणाचं पाणी तळाला गेलंय, आणि आईनं तुमच्यासाठी शेवया वाळत घातल्यात. बजरंगदादा उद्या परंड्याला चाललाय, वाटेत सोनारीला थांबून हे पत्र तुमच्याच हातात देईल. नवऱ्याला पत्र कसलं लिहितेस, म्हणाल. पण तुम्ही स्पीकर लावल्याशिवाय फोनवर बोलत नाही, आणि मी काय जेवले ते ओसरीवरच्या सगळ्यांना कळतं.

एक काम होतं. सोमवारी मला न्यायला याल तेव्हा कपाटाच्या खालच्या कप्प्यातला बिस्किटाचा पत्र्याचा डबा आणा. त्यात माझी ती बाटली आहे. पिशवीत घालून आणा, नाहीतर देवळाजवळची माकडं खाऊ समजून हिसकावतील. उघडू मात्र नका.

बाटली आठवते ना? धान्यातल्या खपरा भुंगेऱ्याच्या अळ्या. विद्यापीठातून मी ती सासरी आणली तेव्हा आत्याबाई म्हणाल्या होत्या, “लोकं म्हशी पाळत्यात, आमच्या सुनंनं किडं पाळल्यात!” तुम्ही पोट धरून हसला होता. तीन वर्षांत मी त्या अळ्यांना एक दाणा घातलेला नाही. तरी गेल्या आठवड्यात निघताना बाटली हलवली तर एक वळवळली.

दिवस वाईट आले की ही अळी वाढायचंच थांबवते. कात टाकते, पण दर कातीला मोठी व्हायच्या ऐवजी लहान होते. माझा सगळा अभ्यास त्यावरच होता. तिच्या अंगात एक संप्रेरक असतं. ते भरपूर असेल तोवर अळी अळीच राहते, कोषात जात नाही. आणि पुढं भुंगेरा झाल्यावर तेच संप्रेरक मादीची अंडी पिकवतं. कधी आणि किती, यावर सगळं. मी त्याचा सुईच्या टोकाएवढा थेंब अळीच्या पाठीवर ठेवायची आणि वहीत लिहायची. तिला हवंय का, ते कोण विचारतंय!

माझ्या गाइड भुवनेश्वरी मॅडमचा फोन आला होता. तीस जूनपर्यंत हजर झाले नाही तर पीएचडीची नोंदणी रद्द. लग्नाच्या बैठकीत तुमच्याकडच्यांनी कबूल केलं होतं, वर्षभरात परभणीला विद्यापीठात परत पाठवू. पहिल्या वर्षी मामंजींचं आजारपण निघालं, दुसऱ्या वर्षी घराचा स्लॅब. मग ठरलं, एकदा मूल होऊ दे. तुम्हीही म्हणालात, “आईचं एवढं ऐक की. मंग कोण आडवतंय तुला?” ते तुम्ही मायेनं म्हणालात. तुम्ही वाईट असता तर मी भांडले असते. तुम्ही चांगले आहात, म्हणून मला भांडायलाही जागा नव्हती. त्या घरात माझा जीव गुदमरतो, रणधीरराव. हे मी आज पहिल्यांदा सांगतेय.

सोमवारी बार्शीला माझी इंजेक्शनं सुरू होणार. अंडी पिकवायची. डॉक्टरीणबाई समजावून सांगत होत्या आणि मला हसू आलं. तुम्हाला वाटलं, घाबरले.

दोन कागद फाडून झाले. आता लिहितेच.

तुमच्यात काही खोट नाही. माझ्यातही नाही. डब्यात बाटलीच्या खाली गोळ्यांची पाकिटं आहेत. दिवस राहू नयेत म्हणून मी त्या घेते, लग्नापासून. असल्या गोळ्या घेतेस का, असं डॉक्टरीणबाईंनी सरळ विचारलं तेव्हाही तुमच्या शेजारी बसून मी नाही म्हणाले.

मूल मला नको असं नाही. भीती वाटायची. एकदा मूल झालं की कुणीतरी ती बाटली घासून तिच्यात मोहरी भरेल, आणि मलाही ते चालून जाईल. म्हणून अजून एक महिना, अजून एक महिना करत राहिले.

पण तुमचे पाय. मूल होईपर्यंत पायात काही घालणार नाही, असं तुम्ही भैरवनाथाला बोललात. पाडव्यापासून अनवाणी आहात. त्या दुपारी डांबरावरून चालत आलात, टाचा फोडांनी भरल्या होत्या. मी खोबरेल लावत होते आणि तुम्ही म्हणालात, “तुज्यात खोट न्हाय शिवकन्या, माज्यातच आसंल.” मी तेल लावत राहिले. तेव्हाच बोलायला हवं होतं. मला माझीच शिसारी आली, आणि तरी रात्रीची गोळी मी चुकवली नाही.

आता डबा उघडा.

सोमवारी आलात तर आपण बार्शीला जायचं नाही. मला परभणीला सोडा, वाटेत हवं ते बोला, मी ऐकून घेईन. यायचं नसेल तर बजरंगदादा परततेवेळी त्याच्याजवळ नुसती बाटली द्या, मी काय ते समजेन. आत्याबाईंना मी स्वतः येऊन, त्यांच्यापुढं बसून सांगेन. देवालाही मीच सांगेन. तुमचा नवस माझ्या खोट्यावर उभा होता, त्याचं पाप तुमच्याकडं नाही.

या किंवा येऊ नका. पण हे वाचून झालं की आधी पायात चप्पल घाला.

अजून तुमचीच म्हणवणारी,
शिवकन्या