कोरेगावच्या तव्यावरची भाकर

बाई, तुम्ही दिलेलं पांढरं कापड अजून माझ्याकडं आहे. कडेनं विरलंय, मधे हळदीचा डाग पडलाय, तो माझा नव्हे, सुनेचा. पण पीठ झाकायला मला अजून तेच लागतं. हे सगळं सून लिहून घेते आहे. तुम्ही मला सगळं शिकवलंत, अक्षर तेवढं राहिलं. चार वेळा पाटी देऊन बसवलंत आणि चारी वेळा मी पाटीवर डोकं टेकून झोपले, हे तुम्हाला आठवत असेलच. सून शाळेत शिकवते, त्यामुळं मी बोलते एक आणि कागदावर ते जरा भांग पाडून उतरतं. तिला म्हटलं, पाड बाई भांग, पण केस माझेच राहू देत. त्या कापडाच्या कोपऱ्यात लाल दोऱ्यानं काढलेली अक्षरं आहेत ना, ती मी इतकी वर्षं पवित्र शास्त्रातलं वचन समजत होते. कुणाला ताप आला, घरात वाजलं, की मी त्यांच्यावरून बोट फिरवायची आणि मला बरं वाटायचं. मागं एकदा सुनेला वाचायला लावलं. ती हसायला लागली ती थांबेचना. "आत्या, हितं 'बायकांचा वॉर्ड' असं लिहिलंय!" म्हणजे मिशनच्या दवाखान्याची जुनी चादर फाडून तुम्ही मला कापड शिवून दिलंत, आणि मी त्यावर बोट फिरवून पोरांचे ताप उतरवले. असू दे. ताप उतरले हे खरं आहे.

मी त्या बायकांच्या वॉर्डातच तुम्हाला पहिल्यांदा पाहिलं. एकोणीस वर्षांची होते. पहिलं लेकरू तिथंच गेलं, आणि मी भिंतीकडं तोंड करून पडले ती उठेचना. जेवण येतं, तसंच परत जातं. नवरा दारात उभा राहून टोपी हातात फिरवतोय. डॉक्टर बोलले, नर्स बोलली, एक आजी येऊन रडून गेल्या. मग तुम्ही आलात. दवाखान्याच्या स्वयंपाकघराच्या मुख्य, पदर खोचलेला, हाताला कोपरापर्यंत पीठ. मला वाटलं, आता ही प्रार्थना करणार. तुम्ही म्हणालात, "ऊठ गं. माझी एक बाई आज आली नाही. साठ माणसांची कणीक कोण मळणार, मी एकटी?" इतकंच. मी का उठले ते मला आजही सांगता येत नाही. त्या मोठ्या परातीपुढं बसले आणि मळत राहिले, रडत राहिले. तुम्ही बघितलं नाहीत, मुद्दाम बघितलं नाहीत, पलीकडं कांदे चिरत बसलात. म्हणजे तुमच्याही डोळ्यांतून पाणी येत होतं, त्यामुळं मला लाज वाटली नाही. प्रभूचं नाव तुम्ही मला सहा महिन्यांनी सांगितलंत. तोवर मला तुमच्या स्वयंपाकघरात शांत वाटायला लागलं होतं, आणि हे कुठून येतंय असं मीच एक दिवस विचारलं. पुढं नवऱ्याला तिथंच माळ्याचं काम लागलं, आम्ही दोघांनी बाप्तिस्मा घेतला, आणि कोरेगावला माझ्या माहेरी दोन वर्षं आमच्याशी कुणी बोललं नाही. पण मग आईच एसटीनं आली, पिशवीत घेवडा घेऊन. तुम्ही तिला पाटावर बसवून जेवायला वाढलंत. जाताना ती मला म्हणाली, "तुझी बाई भाजीत मीठ कमी घालती, बाकी बरी हाय."

प्रभुभोजनाची भाकर करायचं काम तुम्ही मला दिलंत तो शनिवारही आठवतो. महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये प्रभूची आठवण म्हणून मंडळीत जी भाकर मोडून वाटायची, ती आदल्या दिवशी आपण करायची. बिनखमिराच्या जाड चपात्याच त्या, पण तुमचा एक कायदा होता. मनात कुणाबद्दल गाठ ठेवून ते पीठ मळायचं नाही. मी तेव्हा धुणं धुणाऱ्या बाईशी बादलीवरून भांडून आले होते. तुम्ही नुसतं माझ्या हाताकडं पाहिलंत आणि परात ओढून घेतलीत. "कणीक मळतेस की तिला मारतेस?" ते सगळं पीठ तुम्ही कोंबड्यांना घातलंत. "जा. तिच्याशी बोल आणि मग हात धुऊन ये. पीठ थांबतं, त्याला घाई नसते." मी फणफणत गेले, बोलले, परत आले. तुम्ही नवी कणीक काढून ठेवली होती, वर हे कापड. पुढं तुम्ही थकलात, गेलात, आणि ते काम माझ्याकडं राहिलं ते आजवर.

आता जे सांगायचं ते सांगते. सून म्हणते, आत्या, सरळ सांगा, फिरवू नका. माझी आई शेवटची बरीच वर्षं कोरेगावात धाकटीकडं, माझ्या सख्ख्या बहिणीकडं होती. आम्हाला भाऊ नाही. आई गेली आणि मला कळलं तिसऱ्या दिवशी, तेही तिकडच्या एका भाजीवाल्याकडून. धाकटीच्या घरात फोन होता. माझ्या घरातही होता. मी पोचले तेव्हा राखसुद्धा उचललेली होती. भावकीतला एकजण दारातच म्हणाला, "तुमाला कशाला बोलवायचं? तुमचं सगळं न्यारं." धाकटी आत चुलीपाशी बसली होती. वर बघितलं नाही. मी चपला न काढता परत फिरले. तिथून चौदा वर्षं मी तिच्या दारात गेले नाही, तिच्या नातवाच्या लग्नालाही नाही.

आणि दर महिन्याला भाकर करत राहिले, बाई. तुमचा कायदा मोडून. परातीत पीठ घेतलं की धाकटीचं तोंड दिसायचं आणि मी ते तोंड मळायची, बुक्क्या मारून मळायची. त्यामुळं चपात्या इतक्या मऊ व्हायच्या की सगळी मंडळी कौतुक करायची. "आजींच्या हाताला गुण आहे." आजी खाली मान घालून हसायच्या. पण करायची हिंमत होती तेवढी खायची नव्हती. तुमची भीती म्हणा, प्रभूची म्हणा. मग मी एक युक्ती काढली. उपासनेनंतर सगळ्यांना चहा असतो. मेजावरचं पांढरं कापड चर्चच्या पाळकांनी उचललं की मी हळूच उठायची, "चहाचं बघते" म्हणायची आणि मागच्या दारानं बाहेर. तिथं स्टोपाशी उभं राहून आतलं गाणं ऐकायचं. ताटली फिरून झाली की चहा तयार. चौदा वर्षं आमच्या मंडळीत चहा एकदाही उशिरा झाला नाही आणि मी भाकरीला एकदाही शिवले नाही, आणि हे कुणाच्याही लक्षात आलं नाही. वेळेवर चहा देणाऱ्या माणसावर कुणी संशय घेत नाही.

गेल्या वर्षीच्या डिसेंबरचा पहिला शनिवार. आदल्याच संध्याकाळी पाळक घरी आले होते. तरुण आहेत, नवीन आहेत, चांगले आहेत, पण बोलतात फार. म्हणाले, "आजी, रविवारी मनाच्या शांतीवर तुम्हीच दोन शब्द बोला. आपल्या मंडळीत तुमच्याइतकं शांत कुणी नाही." सून माझ्याकडं बघून खोकली. सकाळी परातीत पीठ घेतलं, पाणी ओतलं, मळायला लागले, धाकटीचं तोंड आलं, आणि हात थांबले. दुखून नव्हे. मला एकदम तुमचा आवाज आठवला, मारतेस की मळतेस म्हणून. या घरात कोंबड्या नाहीत, नाहीतर ते पीठ त्यांनाच घातलं असतं. मग मी काय केलं, तो गोळा स्टीलच्या डब्यात घातला, वर तुमचं कापड, त्यावर झाकण, आणि सुनेला म्हटलं, "कोरेगावला जाऊन येते." ती म्हणाली, "पीठ घेऊन?" म्हटलं, "व्हय. ते थांबतंय. मी लय थांबले."

सांगलीला गाडीत बसले. डबा मांडीवर. शेजारच्या बाईनं तीनदा विचारलं, आजी, डब्यात काय आहे. तिला वाटलं लाडू असतील. कराड गेलं, उसाच्या ट्रॉल्या दिसत होत्या. चौदा वर्षं मी तिला मनात जे जे बोलले होते ते सगळं पाठ होतं. कोरेगाव येईपर्यंत त्यातलं निम्मं विसरले, वय झालं की हा एक फायदा असतो. धाकटी ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. केस पार पांढरे, माझ्यापेक्षा पांढरे. मला बघितलं आणि हातातलं सूप खाली पडलं. "आक्का? एकटीच? कोण गेलं?" बघा बाई. मी तिच्या दारात यायचं तर कुणीतरी मेलंच पाहिजे, इथवर मी आणून ठेवलं होतं. मी म्हटलं, "कोण न्हाई गेलं. तवा हाय का?"

ती कशाला विचारते! उठली, गुडघा धरून धरून आत गेली, गॅसवर तवा ठेवला. मी डबा उघडला. ती कापडाकडं बघतच राहिली, तिला कळलं हे कसलं पीठ ते. आई तिला सगळं सांगायची. "आक्का, तुझ्या देवाची भाकर माझ्या तव्यावर चालंल का गं?" म्हटलं, "तव्याला काय कळतंय? तापीव." ती लाटायला बसली, मी भाजायला. दोन चपात्या झाल्या. मग तीच बोलली, मान खाली घालून. "फोन हातात घिऊन बसले हुते, आक्का. भावकी म्हणली, ती आली तर गाणी म्हणंल, इधी करू द्यायची न्हाई. मी भ्याले. बाकी काय न्हाई, भ्याले." मी म्हटलं, "चौदा वर्षं का न्हाई सांगितलंस?" "तू इचारलंस कवा?" तवा धुरावला होता, चपाती उलटायची राहिली. मग मी ते विचारलं जे मला खरं विचारायचं होतं, जे मी दर महिन्याला पिठात कोंबत होते. "आई जाताना काय म्हणली?" मला वाटत होतं, माझं नाव घेतलं असेल, नसेल. धाकटी म्हणाली, "काय न्हाई म्हणली. पाणी मागितलं." "दिलंस?" "दिलं की. वाटीनं दिलं. दोन घोट प्याली." बाई, तेवढंच होतं. आई तहानलेली गेली नाही. मी इतकी वर्षं तिला तहानलेली ठेवली होती, मनातल्या मनात, म्हणजे धाकटीवर रागवायला बरं. मी पदरात तोंड घातलं. धाकटी म्हणाली, "आता रडू नगंस, करपली बघ ती." करपलीच होती. मी म्हटलं, "तू तवाच भ्याले म्हणली असतीस तर शिव्या दिल्या असत्या तुला." ती म्हणते, "मंग बरंच झालं की, न्हाई म्हणले ते." आणि आम्ही दोघी म्हाताऱ्या त्या गॅसपुढं अशा हसलो की तिची सून बघायला आली.

रविवारी पाळकांनी मला बोलायला उभं केलं. मी म्हटलं, "काल कोरेगावला बहिणीकडं गेले होते. आजची भाकर तिनं लाटलीय, जरा जाड झालीय. सांभाळून घ्या." आणि खाली बसले. सून सांगते, लोकांना वाटलं आजी विसरल्या. मग मेजावरचं कापड उचललं, ताटली फिरायला लागली, आणि मी उठले नाही. ताटली माझ्यापर्यंत आली. तुकडा घेतला. चिवट होता. धाकटीला लाटताना पीठ लावायचा हातच नाही, लहानपणापासून नाही. चावत बसले, चावत बसले, आणि मला इतकं मोकळं वाटलं, जसं त्या पहिल्या दिवशी तुमच्या परातीपुढं वाटलं होतं. त्या दिवशी चहा अर्धा तास उशिरा झाला. सगळे कुरकुरले. पाळक म्हणाले, "आजी, तब्येत बरी आहे ना?"

हे कायमचं झालं असं समजू नका. दर शनिवारी धाकटीचा फोन येतो आणि आम्ही गुडघ्याच्या तेलावरून, तिच्या फौजी नातवाच्या पगारावरून, आईची नथ कुणी हरवली यावरून भांडतो. परवा तर मी फोन ठेवून दिला. मग परातीपुढं बसले, हात थांबले, आणि पुन्हा लावला. ती म्हणाली, "म्हायतीय, उद्या भाकर हाय न्हवं तुझी? म्हणून फोन आला." दर महिन्याला तेच पीठ, तेच हात धुणं. तुम्ही हे काम मला का दिलंत ते आत्ता कळतंय. मला वाटायचं, माझ्या चपात्या गोल होतात म्हणून.

सून विचारते, हे ठेवायचं कुठं. कापडाच्या घडीत ठेव म्हटलं, पिठाच्या डब्यावर. तुम्हाला कुठं पाठवणार? आणि खरं सांगायचं तर पाठवायची सोय असती तरी मी जरा विचारच केला असता. कारण एक गोष्ट मी पाळकांना, मंडळीला, सुनेलासुद्धा सांगितली नव्हती, ती आत्ता लिहिताना तिला कळते आहे आणि ती डोळे मोठे करून माझ्याकडं बघते आहे. धाकटीनं सहा लाटल्या होत्या, बाई. मंडळीत पाच पोचल्या. येताना कराडच्या पुढं मला चौदा वर्षांची भूक लागली, आणि अजून आशीर्वाद झालेला नव्हता, म्हणजे ती तोवर नुसती चपातीच होती. अर्धी मी खाल्ली. अर्धी त्या शेजारच्या बाईला दिली. परतीलाही तीच भेटली होती, आणि डब्यात लाडू नाहीत म्हणून तिचं तोंड उतरलं होतं.