सहा चिठ्ठ्या, चार दिवाळ्या

अप्पा, तुम्हांला जाऊन अकरा वर्षं झाली आणि आता कुठे मला तुमचा संशय यायला लागलाय. निमित्त अगदी साधं. चिंचवडला घरीच दहावीच्या मुलांचा गणिताचा क्लास घेते मी. परवा संभाव्यता शिकवत होते. फासा चार वेळा टाकला, तर चारही वेळा सहाच पडण्याची संभाव्यता किती? एक छेद सहा, चार वेळा गुणायचं. उत्तर एक छेद बाराशे शहाण्णव. पुढे बसलेली मुलगी म्हणाली, "मॅडम, एवढं झालं तर फासाच खोटा असणार." पुस्तकातला फासा खोटा नसतो, उत्तर लिही, असं मी तिला सांगितलं आणि फळ्यापाशी माझाच हात थांबला. सहा माणसं, चार दिवाळ्या.

कंपनीत तुमच्या भट्टीवर तुम्ही सहाजण होतात. भट्टी विझवून चालायचं नाही, म्हणून लक्ष्मीपूजनाला सेकंड शिफ्टला एकाला थांबावंच लागे आणि कुणी थांबायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरे. चिठ्ठ्या तुम्ही लिहायचात, अक्षर चांगलं म्हणून. चहाच्या रिकाम्या डब्यातून कुणीतरी एक उचलायची, मोठ्याने वाचायची आणि उरलेल्या पाच तुम्ही लगेच भट्टीत टाकायच्या. हे सगळं तुम्हीच आम्हांला रंगवून सांगितलेलं. मी पाचवीत होते त्या वर्षापासून सलग चार वर्षं तुमचंच नाव निघालं. पुढे तुमचं खातं बदललं म्हणून ते थांबलं. "माझंच निघालं बघ, लई फुटकं नशीब," म्हणत तुम्ही डबा भरायला सांगायचात आणि आई लक्ष्मीला हात जोडून म्हणायची, पुढच्या वर्षी तरी यांना सोडव. उरलेल्या चिठ्ठ्या जाळायची एवढी घाई कशाला, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही.

मी संशयीच आहे, भाजीवाल्याचा काटासुद्धा दोनदा बघते. ऐन सणाला माणूस मुद्दाम घराबाहेर राहतो तो कशासाठी? माझ्या मनात नको नको ते आलं. दुसरं घर होतं का तुमचं? आईला विचारायची सोय नव्हती. ती अजूनही तुमच्या नशिबालाच बोल लावते. शेवटी रविवारी महाळुंग्याला गेले, तुमच्याबरोबर भट्टीवर असलेल्या काकांकडे. त्यांच्या शेतात आता गोडाऊन उभं आहे आणि ते दारात बाजेवर बसलेले असतात. चहा झाल्यावर सरळच विचारलं, काका, त्या दिवाळीच्या चिठ्ठ्या खऱ्या होत्या का?

त्यांनी रिकामी कपबशी बाजेखाली सरकवली. "पैल्या साली खऱ्या व्हत्या, म्याच घड्या घातल्या त्येंच्या," म्हणाले. "दुसऱ्या साली एक खाली पडली, म्या उघडून बघितली. उचललेल्या चिठ्ठीवर तुज्या बापाचं नाव आन् हिच्यावरबी त्येचंच. मंग कळलं, डब्यात समद्या तसल्याच."

"आणि तुम्ही बोलला नाहीत?"

"आमाला काय, घरी जायाला मिळत व्हतं. एकदा इचारलं म्या. तर म्हनला, माज्याबिगर घरात सण बरा व्हतो."

"पण ते शिफ्टला असायचे ना नक्की?" मी तरीही विचारलंच.

"मंग कुटं जानार? दर तासाला भट्टीचं रीडिंग घ्यावं लागतं. वहीत सकाळी त्येच्याच सह्या दिसायच्या."

दुसरं घर नव्हतं. हायसं वाटायला हवं होतं, पण येताना रिक्षात मी तुमच्यावर चिडलेच होते. घरात सण बरा होतो म्हणे! कुणी सांगितलं तुम्हांला? खरं तर तुम्ही घरात असलात की सण कसा व्हायचा ते मला आठवत होतं. रांगोळी दारात आडवी आली, करंजी तळताना फुटली, माझं गणित चुकलं, कशावरूनही तुमचा आवाज चढायचा. "एवढंबी कळंना का तुला?" आणि वही भिंतीवर. आई पूजा मांडताना दबक्या आवाजात बोलायची, आम्हीही. तुमची भीती वाटायची अप्पा, फार भीती वाटायची.

मोशीच्या चौकात रिक्षा अडकली आणि कुणी सांगितलं ते आठवलं. चिठ्ठ्या खऱ्या होत्या त्याच वर्षाची पाडव्याची सकाळ आहे. तुम्ही मोरीपाशी उभे राहून दात घासताय. मला हाक मारून विचारता, "काय गं, कशी झाली पूजा?" मी दहा वर्षांची आहे, नवा फ्रॉक घातलेला आहे आणि खूप खुशीत आहे. मी सांगते, "मस्त झाली अप्पा. या वेळी कुणी ओरडलंच नाही." तुम्ही चूळ भरता, टॉवेलने तोंड पुसता आणि नुसतं "बरं" म्हणता.

हा कागद क्लासच्या वह्यांच्या गठ्ठ्यात ठेवून देणार आहे. काकांनी सांगितलेलं सगळं मी घरी येऊन आईला सांगितलं. ती रडली. पाडव्याच्या सकाळचं तेवढं मी तिला सांगितलं नाही.