काकांचं वाक्य सोपं केल्याबद्दल

तीर्थस्वरूप आत्या,

साष्टांग नमस्कार. गुडघे आता जिना चढू देतात ना? मी मजेत आहे, फक्त पाठ धरली आहे, कारण माझ्या पलंगावर सध्या तुझे धाकटे बंधू झोपतात आणि मी जमिनीवर.

झालं असं. काकांच्या विद्वत्तेबद्दल दुमत नाही, कारण मत व्हायला आधी वाचून कळावं लागतं. संसारावरच्या त्यांच्या ग्रंथाची नवी आवृत्ती काढायची म्हणून आमच्या प्रकाशकांनी ते बाड माझ्या टेबलावर आपटलं. "जरा सोपं कर." (घरचाच माणूस, म्हणजे बोलणी खायलाही घरचाच.) पहिलं वाक्य 'स्नेहभावाच्या कालसापेक्ष पुनरावर्तनातून उद्भवणारी अभ्यस्तता' असं जे निघालं, ते पान उलटलं तरी क्रियापद येईना. मी कर्ता हुडकला, क्रियापद पकडून आणलं, दोघांची गाठ घालून दिली आणि आत्या, खरं सांगतो, हातातलं पेन खाली ठेवलं. आत होतं: प्रेमाची आधी सवय होते, मग त्या सवयीलाच प्रेम म्हणायची सवय होते. इतकं लखलखीत! काकांना दाखवलं, त्यांनी ते दोनदा वाचलं. मग म्हणाले, "एवढंच म्हणायचं होतं मला?" आणि कागद माझ्याकडे सरकवून, "छाप."

छापलं. इतकी वर्षं काकू तो ग्रंथ काचेच्या कपाटात ठेवून पुसायची आणि आल्यागेल्याला अभिमानाने सांगायची, "ह्यांचं कुणाला कळत नाही." या वेळी तिने तो उघडला, आणि तिला कळलं!

"म्हणजे मी सवय?"

"तसा अर्थ नाही गं."

"मग कसा?"

इथे काकांनी जीभ चावायची, तर ते समजावून सांगायला लागले. संध्याकाळी बॅग घेऊन माझ्या दारात हजर. तेव्हापासून मला समजावताहेत.

तुझा (कान किटलेला) भाचा

ता. क. तुझी मागची खोली रिकामी आहे म्हणे. काका उद्याच्या गाडीने येताहेत. तिकीट काढलंय.

ता. क. दुसरा. चिकटवलेलं पाकीट पुन्हा फोडलं. काकांनी काकूला लांबलचक माफीपत्र पाठवलं होतं. ते घेऊन ती आत्ताच ऑफिसात आली. "मेल्या, तूच हे सगळं केलंस, आता हेही सोपं कर." केलं. सगळं गाळून उरलं ते इतकंच: 'तू समोर नसलीस की माझं मलाही काही कळत नाही.' काकूने डोळे टिपले. म्हणाली, "त्यांना घरी पाठव. आणि हे पुढच्या आवृत्तीत घाल. पण त्यांच्या भाषेत हं, लोकांना कळायला नको."