डॉक्टरीणबाईंना दिलेला होकार

ती. ताई,

डाव्या हाताने का होईना, पण पूर्ण वाकून नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? भाऊजींचा खोकला थांबला का? अक्षर वेडंवाकडं आहे, सांभाळून घे. उजवा हात सध्या कागद दाबून धरण्याच्या नोकरीवर आहे.

दुकानाची काच फुटून मनगट कापलं त्याला पाच महिने झाले. तुटलेली नस शिवली (टाके माझ्यापेक्षा बारीक होते, कबूल करतो) आणि मला नव्या औषधाच्या चाचणीत घेतलं. पेप्टाइड म्हणतात त्याला, म्हणजे प्रथिनाचा इवलासा तुकडा. तो नसेला वाढायला हुरूप देतो म्हणे. देईलच असं नाही, हेही डॉक्टरीणबाईंनी सही घेताना सांगितलं होतं. नस वाढते दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर (आणि गिऱ्हाइकं उशिराबद्दल मला नावं ठेवायची!). दर मंगळवारी मी डोळे मिटायचे, बाई नायलॉनचा दोरा माझ्या बोटाच्या टोकाला टेकवतात आणि विचारतात, "लागतंय?"

ताई, तीस वर्षं "बुधवारी नक्की" म्हणत आलेल्या शिंप्याच्या तोंडून "नाही" निघत नाही गं. बाई तुझ्या मुलीएवढ्या, गुणी, आणि त्यांची सगळी आशा माझ्या बोटावर. पहिल्यांदा मी भिडेखातर "हो" म्हणालो. त्यांचा चेहरा असा खुलला की पुढच्या वेळी पुन्हा म्हणालो. शिवाय दोरा टेकवताना त्या श्वास रोखून धरतात, ते मिटल्या डोळ्यांनीही कळतं, त्यामुळे माझं उत्तर कधी चुकत नाही. त्यांच्या कागदावर माझं बोट जवळजवळ बरं झालंय. परवा मोठ्या डॉक्टरांनी माझी पाठ थोपटली, तेव्हा मलाही क्षणभर बरं झाल्यासारखं वाटलं. घरी सगळे आनंदात आहेत. काळजी करू नकोस.

तुझा,
धाकटा

ता. क. कोपऱ्यातला तांबडा डाग शाईचा नाही. कागदाखाली टाचणी होती, ती बोटात रुतली. ही ओरडली तेव्हा मला कळलं.

ता. क. २. नस बोटापर्यंत पोचली नसेल तर पुन्हा ऑपरेशन करून हात वाचू शकतो, पण ते आत्ताच करायला हवं. नंतर स्नायू वाळून जातात. येत्या मंगळवारी बाई ते ठरवणार, आणि माझ्या "हो"वर ठरवणार. मला भीती वाटते, ताई. गुडघे दुखले तरी ये आणि माझ्यासमोर बस. तू समोर असलीस की डोळे मिटूनसुद्धा मला खोटं बोलता येत नाही.