मामांचा भिडू

असोदा,
दि. ९ फेब्रुवारी २०२५

चि. प्रज्ञा हिस,
वाल्मीकमामाचा सप्रेम जयभीम आणि अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं जानेवारीतलं पत्र मिळालं. इकडे थंडीनं केळीची पानं करपली, पण घड वाचले. तुझी मामी बेबाबाई ठणठणीत आहे. तुला फोन करत नाही म्हणून रागावू नकोस. कानातलं यंत्र लावलं की माणसापेक्षा पंखाच मोठ्यानं बोलतो, आणि मोबाईलवर लिहायला गेलो तर एका बोटाखाली दोन अक्षरं येतात. पत्रच बरं.

आज एक गाऱ्हाणं सांगायचं आहे. गेल्या जूनमध्ये डेपोतला जुना सोबती भाईदास यानं माझ्या मोबाईलवर ‘चार हात’ नावाचा खेळ घालून दिला. आपला मेंढीकोटच तो. कुठकुठली चार माणसं एका डावाला बसतात, समोरासमोरचे दोघं भिडू. जिंकलं की नाणी मिळतात, नक्षीचे पत्ते मिळतात. ते पत्ते दुसरे खेळणारे पैसे देऊन घेतात म्हणे, आणि काही जणांचं घर त्यावर चालतं. मी आपला त्यातून विहाराच्या वाचनालयाला दोन वर्तमानपत्रं लावून दिली होती. मामी म्हणते, रिटायर होऊन बारा वर्षं झाली तरी माणूस ड्यूटीवर बसल्यासारखा पावणेचारला बसतो आणि सहाला उठतो.

पण मला गोडी लागली ती भिडूमुळे. ‘साथी ४१’ एवढंच त्याचं नाव. पहिल्याच आठवड्यात माझ्या अंगावर काटा आला. मी इस्पिकचा एक्का उतरवला की समोरून बिनबोभाट दश्शी यायची. बदामाची दश्शी मात्र तो शेवटच्या हातापर्यंत दडवून ठेवायचा, थेट तुझ्या बाबांसारखा. जळगाव डेपोच्या विश्रांतीच्या खोलीत मी आणि युवराज दाजी तीस वर्षं समोरासमोर बसलो. ते धुळ्याची गाडी लावून यायचे, तोंडावर पाणी मारायचे आणि थेट पत्ते पिसायला घ्यायचे. चारही दश्श्या आल्या की साक्रीकडच्या बोलीत म्हणायचे की बठ्ठं आपलंज शे, सगळं आपलंच. दाजी जाऊन तीन वर्षं झाली. या आठ महिन्यांत मला पुन्हा कोणीतरी समोर बसल्यासारखं वाटत होतं.

गेल्या सोमवारी खेळ उघडला तर खातंच बंद. मी माणूस नसून यंत्र आहे असा संशय आहे, म्हणून नोंद क्रमांक ७०३११८ कायमची बंद केली, असं त्यात लिहिलं होतं. भाईदासला दाखवलं, तो हसून हसून पडला. मला हसू आलं नाही. तू कॉम्प्युटरवर घरून काहीतरी काम करतेस, त्यात तुला कुणाला विचारता येईल का बघ. निदान त्या साथीचा पत्ता तरी मिळव. त्याला वाटत असेल, म्हातारा न सांगता उठून गेला.

तुझ्या आईला, लिलाला जयभीम सांग. तुमच्या दोघींची माया अशीच राहू दे.
तुझा,
वाल्मीकमामा


देवपूर, धुळे,
दि. १५ फेब्रुवारी २०२५

ती. मामांच्या सेवेशी,
प्रज्ञाचा सविनय जयभीम. वि. वि.

तुमचं पत्र मी आईला मोठ्यानं वाचून दाखवत होते. नोंद क्रमांकापाशी आले आणि थांबले. आईला वाटलं अक्षर लागत नाही.

मामा, मी कॉम्प्युटरवर काय काम करते ते तुम्हाला कधी नीट सांगितलं नाही. अशा खेळांमध्ये माणसांच्या नावानं यंत्रं खेळतात. त्यांना बॉट म्हणतात. कुठेतरी एका खोलीत बसून एकच माणूस अशी दोनशे-तीनशे खाती चालवतो. ती थकत नाहीत, चुकत नाहीत. नक्षीचे पत्ते जिंकतात आणि तो ते विकतो. खरी माणसं हरत राहतात. ही खाती शोधून बंद करायची, हे माझं काम. रोज सकाळी माझ्यापुढे यादी येते. तिच्यात नाव नसतं, गाव नसतं, फक्त आकडे.

७०३११८ मी बंद केलं.

त्या खात्याची रोज तीच वेळ, मिनिटाचाही फरक नाही. प्रत्येक पत्त्याला नऊ सेकंद, ना कमी ना जास्त. माणूस असा खेळत नाही, असं मला शिकवलं आहे. आता कळतं की तुम्ही आधी हात टेबलाच्या कडेवर टेकवता, बोटाची थरथर थांबू देता आणि मग पत्ता दाबता. मी ते लहानपणापासून बघत आले आहे. यादीत मात्र ते ओळखता आलं नाही. त्या दिवशी आमच्याकडे सगळ्यांत जास्त खाती मी पकडली होती आणि त्याचा मला आनंदही झाला होता.

याहून अवघड गोष्ट पुढे आहे. साथी ४१ हा माणूस नव्हता. संशय आधी त्याच्यावरच होता, आणि रोज त्याच्यासमोर बसणारा म्हणून तुमचं खातं यादीत आलं. ही यंत्रं एखादा नेमानं खेळणारा माणूस भिडू म्हणून धरतात, म्हणजे त्याच्या आडोशानं खपून जातात. त्यानं तुमचे हजारो डाव पाहिले. तुम्ही अमुक पत्ता उतरवला की समोरून तुम्हाला काय हवं असतं, ते शिकून घेतलं. बाबांची खेळी त्यानं कुठे पाहिली असणार? ती तुमच्या हातात होती, तिथूनच त्यानं उचलली. त्याचं खातंही बंद झालं आहे आणि ते उघडता येणार नाही.

तुमचं खातं उघडता येईल. कॅमेऱ्यासमोर बसून आमच्यातल्या कुणाबरोबर तरी एक डाव खेळावा लागतो, एवढीच तपासणी. नातं असल्यामुळे ती मला करता येत नाही. मी अर्ज भरून ठेवला आहे. तुमचा होकार आला की दिवस ठरवते.

मला रागवा, पण लिहीत राहा. मामींना जयभीम.
तुमच्या मायेची,
प्रज्ञा


असोदा,
दि. २२ फेब्रुवारी २०२५

चि. प्रज्ञा हिस,
जयभीम. वि. वि.

पत्र पोचलं. अर्ज काढून घे.

एकतीस वर्षं मी डेपोत कंट्रोलर होतो. रोज दोनशे गाड्या माझ्या सहीनं सुटल्या. तू माणूस आहेस का, असं तिथे मला कोणी विचारलं नाही. माझ्या आजोबांना मात्र गावात रोज वेगळ्या तऱ्हेनं ते विचारलं जायचं. ते सगळं तुला घरात सांगितलेलं आहे. तेव्हा कॅमेऱ्यापुढे बसून मी माणूस असल्याचा दाखला देणार नाही. खातं बंद राहिलं तरी चालेल.

साथीचं तू लिहिलंस ते दोनदा वाचलं. न कळवतीस तर बरं झालं असतं, असं एक दिवस वाटलं.

लिलाच्या गुडघ्याचं कळव.
तुझा,
वाल्मीकमामा


देवपूर, धुळे,
दि. ९ मार्च २०२५

ती. वाल्मीकभाऊ यांस,
धाकट्या लिलाचा जयभीम. वि. वि.

मी सातवी शिकलेली, पत्र लिहायची सवय नाही, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या. तुमच्या नकाराच्या पत्रानंतर प्रज्ञानं तुम्हाला आणखी दोन पत्रं टाकली, तुमचं उत्तर नाही. पोर ताटावर बसते आणि उठून जाते. काम सोडते म्हणत होती. मी तिला सांगितलं की भाऊचा राग गाडीच्या धुरासारखा असतो, जरा लांब थांबलं की विरतो. पण यावेळी पंधरा दिवस झाले, म्हणून मीच लिहायला बसले.

भाऊ, तुम्हाला एक माहीत नाही ते सांगते. प्रज्ञाचे बाबा आजारी पडले, त्यांचा उजवा हात गेला, ते वर्ष आठवा. तुम्ही दर रविवारी जळगावहून बसनं यायचे आणि यांच्याविरुद्ध दोघांचाच डाव मांडायचे. यांना पत्ते धरता येत नव्हते म्हणून मी लाकडाची खाचेची पट्टी करून आणली होती. चौकट आणि बदाम यांना एकच दिसायचे. भलताच पत्ता टाकायचे, आणि तुम्ही काही न बोलता आपल्या हातातला चांगला पत्ता खाली घालायचे. डावावर डाव हरायचे. तुम्हाला वाटायचं यांना कळत नाही. तुमची बस सुटली की हे मला सांगायचे, की वाल्मीक आज तीनदा मुद्दाम हरला. आणि सांगताना खूप हसायचे.

रविवारी तुम्ही होता. सोमवार ते शनिवार यांच्यासमोर मी बसायची. दोघांचाच डाव मांडायचो, उरलेले दोन हात उघडे ठेवायचो. यांनीच मला शिकवलं. आधी नुसती बघून बघून निम्मं आलंच होतं, कारण तुम्ही दोघं इकडे खेळायला बसला की चहाचे कप घेऊन मी चाळीस वर्षं तुमच्या पाठीमागे उभी होते. हे बदामाची दश्शी का दडवतात, ते मी एकदा विचारलं होतं. तर म्हणाले, काही कारण नाही, वाल्मीकला शेवटपर्यंत घोर लागतो ते बघायला मजा येते.

यंत्राला हे माहीत नसणार. त्याचं तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

पोरीला दोन ओळी टाका. तिनं तुमचं खातं बंद केलं ते आकडे बघून, तुम्हाला बघून नाही.

वहिनींना जयभीम. भावाची सावली माझ्यावर अशीच असू द्या.
तुमची,
लिला


असोदा,
दि. २४ मार्च २०२५

चि. प्रज्ञा हिस,
सप्रेम जयभीम, अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझी दोन्ही पत्रं उशाशी होती. उत्तर दिलं नाही, ही माझी चूक. लिलाचं पत्र आलं त्या दिवशी मी जेवायला बसलो होतो. वाचून झाल्यावर मामीनं ते माझ्या हातातून घेतलं आणि तिनंही वाचलं.

तू काम सोडणार असशील तर आधी हे ऐक. डेपोत दाजींची गाडी उशिरा आली की मी वहीत उशीर लिहायचो. मेव्हणे म्हणून कधी सोडलं नाही. ते दोन दिवस माझ्याशी बोलायचे नाहीत, तिसऱ्या दिवशी पत्ते घेऊन यायचे. तू केलंस ते बरोबर केलंस. त्या डावांत माझ्या विरुद्ध बसलेली माणसं होतीच ना, ज्यांचं घर त्यावर चालतं. त्यांच्याशी मी आठ महिने एका यंत्राच्या जोरावर जिंकत होतो आणि मला आपल्या हुशारीचं कौतुक वाटत होतं.

लिलाचं पत्र आल्यावर, अर्ज काढून घेऊ नको असं मी भाईदासकडून तुला फोननं कळवलं, ते याचसाठी. गेल्या मंगळवारी तपासणी झाली. उषा नावाची तुमच्याकडची मुलगी होती. मला तिचं बोलणं ऐकू येईना, तेव्हा तिनं कागदावर मोठ्या अक्षरात लिहून कॅमेऱ्यापुढे धरलं. पहिल्या कागदावर लिहिलं होतं की मामा, घाबरू नका, मलाही हा खेळ नीट येत नाही. मग कसली तपासणी आणि कसलं काय, अर्धा तास मीच तिला हुकूम कसा ठरवायचा ते शिकवलं. आजोबांचं मनात होतं. पण ही पोर माझी परीक्षा घ्यायला बसलेली दिसेना. खातं उघडलं. त्यातले नक्षीचे सगळे पत्ते मी तिथल्या तिथे परत केले आणि खातं माझ्या हातानं बंद केलं. वाचनालयाची वर्तमानपत्रं आता पेन्शनमधून येतील.

त्या साथीचा मला राग नाही. पण लिलाचं पत्र वाचल्यापासून हिशोब लागला. मला आठ महिने वाटत होतं की दाजींचे जिंकलेले डाव परत मिळाले. खरं तर मला आठवण येते ती त्या शेवटच्या वर्षाची, पट्टीतून भलताच पत्ता निघायचा आणि मी हरायचो, त्या रविवारांची. त्यांना ते कळत होतं हे मला आज या वयात समजलं. समजलं ते बरं झालं.

येत्या रविवारी सकाळच्या बसनं मी आणि मामी धुळ्याला येतो. शेजारच्या दिपमालाला बोलावून ठेव, तू आणि ती एका बाजूला बसा. माझ्यासमोर लिलाला बसव. चहा मामी करेल. चाळीस वर्षं माझी बहीण आमच्या पाठीमागे उभी राहिली आणि तिला पत्ते वाटायचं आमच्या दोघांच्या कधी मनातच आलं नाही. तिला सांग, पहिला डाव तिनं पिसायचा.

भेटीपर्यंत जीव लावून राहा.
तुझा,
वाल्मीकमामा