फोटोपुरते दोनशे गाऊन

७ एप्रिल २०२१
अनुदान खात्याच्या साहेबांचा आज तिसरा फोन. सोमवारपर्यंत 'उत्पादन सुरू' असे फोटो गेले पाहिजेत, नाहीतर अनुदानाची मंजुरी रद्द. म्हटलं, टेपचं मशीन अजून सुरतेहून निघालेलं नाही. व्यापारी तुमच्याच यादीतला, दुसऱ्याकडून घ्यायचं नाही हेही तुमच्याच पत्रात. तर म्हणे, "ते तुमचं तुम्ही बघा मॅडम. मला फोटो लागतात."
टेपशिवाय पीपीई गाऊन म्हणजे नुसता झगा. सुईच्या प्रत्येक भोकातून ओल आत जाते, म्हणून शिवणीवर गरम करून टेप चिकटवायची. त्यांच्याच माहितीपत्रकात दुसऱ्या पानावर आहे हे. पान उलटायचे कष्ट कोण घेणार.

८ एप्रिल
बारा वर्षं या शेडमध्ये कंपन्यांचं बियाणं भरून पिशव्यांची तोंडं शिवतोय. यंदा कंपन्यांनी हात आखडता घेतला. बावीस बाया आहेत माझ्याकडे. हे गाऊनचं काम नाही जमलं तर अर्ध्या जणींना पुढच्या महिन्यात घरी बसवावं लागेल. म्हणूनच अर्ज केला होता, काही पुरस्कार नको होता मला.
शेजारची रोलिंग मिल आज पूर्ण बंद. त्यांचा ऑक्सिजन दवाखान्याकडे वळवलाय. एमआयडीसीत इतकी शांतता कधी ऐकली नव्हती. आवडली नाही.

९ एप्रिल
ठरवलं. साधी शिलाई मशीनं चारच, त्यांवर सोमवारपर्यंत दोनशे गाऊन होणं शक्य नाही. बाकीचे पिशवीच्या मशीनवर शिवायचे. फोटोपुरते. मशीन आलं की नीट करू, हे बाजूला टाकून देऊ.
नसीमबी पहिल्यापासून माझ्याबरोबर आहे, शेड तीच चालवते. हातातलं कापड खाली ठेवून म्हणाली, "ताई, हा टाका पिशवीचा हाय. एका हिसक्यात उसवतो. त्याच्यासाठीच तर मारतो आपन."
मी म्हणाले, फोटोत टाका दिसत नाही.
"बराबर," म्हणाली. कापड उचलून मशीनवर बसली. ती वाद घालत नाही तेव्हा मला जास्त राग येतो.

१२ एप्रिल
फोटो झाले. साहेब स्वतः आले, बरोबर कॅमेरावाला. बायांना गाऊन घालून उभं केलं. शेडवर पत्रे, बाहेर ऊन मी म्हणतंय, आणि हा पठ्ठ्या सांगतोय, "हसा ना मावशी." मास्कच्या आत काय हसायचं.
गाऊन बियाण्याच्या रिकाम्या खोक्यांत भरून दाराशी ठेवले. जायच्या आधी साहेब म्हणाले, "आता कसं कारखान्यासारखं दिसायला लागलं." बारा वर्षं काय गोठा दिसत होता?

१३ एप्रिल
दिवसभर औरंगाबादला, ट्रान्सपोर्टवाल्याकडे. मशीन नाहीच.
परत आले तर दाराशी खोके नाहीत. नसीमबी म्हणाली, "साहेबांचा टेम्पो आल्ता. कोविड सेंटरला गाऊन संपले म्हन्ले, जल्दी पाहिजेत. चलनावर तुमची सही व्हतीच."
होतीच. हंगामात कंपन्यांचे ट्रक कधीही येतात म्हणून अख्खं चलनबुक मी आधीच सह्या करून ठेवते. वर्षानुवर्षं ठेवते.
साहेबांना सात फोन केले. उचलत नाहीत.

१४ एप्रिल
जयंती घरातच. मिरवणूक नाही, स्टेज नाही. माझ्या नवऱ्याने, मिलिंदने, निळा झेंडा गच्चीवर लावला, मेणबत्ती, खीर. शिक्षक असून त्याला सुट्टी नाही, दुपारी घरोघरच्या कोविड सर्व्हेच्या ड्युटीवर गेला.
प्रज्ञाचा फोन आला. माझी धाकटी बहीण त्याच सेंटरला स्टाफ नर्स. आवाजात काय कौतुक! "ताई, खोक्यावर तुझ्या शेडचं नाव वाचलं. सगळ्यांना दाखवून राह्यले."
सांगितलं, ते घालू नकोस. कुणालाच घालू देऊ नकोस.
"मंग काय घालू? परवापासून एक बी न्हाई आमच्याकडं."
शिवणीवर चिकटपट्टी लाव म्हणाले. लावते म्हणाली. माझी खीर तशीच राहिली.

१६ एप्रिल
व्हायचं ते झालं.
एका आजोबांना धाप लागली. प्र. त्यांचा ऑक्सिजनचा मास्क दाबून धरत होती. त्यांच्या हाताला तिच्या काखेखाली लोंबणारा दोरा लागला आणि बुडत्यासारखा त्यांनी तो धरला, ओढला. काखेपासून गुडघ्यापर्यंत शिवण उसवली. "सरसर गेली ताई. मास्क सोडता येईना मला. तशीच उभी राह्यले अर्धा तास."
तो दोरा. शेतकऱ्याला कात्री लागू नये म्हणून आम्ही शिवणीच्या टोकाला चार बोटं दोरा सोडतो, त्याला शेपूट म्हणतो. सवयीने बायांनी गाऊनलाही सोडलं. दोनशेच्या दोनशे गाऊन मी हातात घेऊन पाहिले होते. मला खटकलं नाही. शेपूट नसलेली शिवण या शेडमध्ये मी पाहिलेलीच नाही.
आजोबा वाचले म्हणे. बरं झालं. पण मला आज कुणाचंच बरं वाटून घ्यायचं नाही.

१७ एप्रिल
साहेबांच्या ऑफिसात जाऊन भांडले. बाहेरच्या बाकावरची माणसं उठून बघायला आली.
मी: लॉट परत मागवा.
ते: परत मागवला तर फोटो खोटे ठरतील.
मी: खोटेच आहेत.
ते: हळू बोला. माल तुमच्या सहीने गेलाय मॅडम, माझ्या न्हाई.
 बाहेर येऊन गाडीला किक मारली. अर्धा राग त्यांच्यावर होता. उरलेल्या अर्ध्याचं काय करायचं ते कळत नव्हतं.
प्र.ने तिच्या परीने केलं. दुसरीकडून थोडे गाऊन आलेत तिकडे. आमचे उरलेले शंभरावर खोक्यांत घालून, वर कागद चिकटवून स्टोअरच्या कोपऱ्यात ठेवले. 'वापरू नये.'

२१ एप्रिल
प्र. पॉझिटिव्ह. त्याच सेंटरला भरती, ज्या वॉर्डात परवापर्यंत ड्युटी करत होती तिथेच.
मिलिंद म्हणतो, "कशावरून गाऊनमुळे? रोज चाळीस पेशंटमध्ये असते ती." खरं आहे. कुणीच सांगू शकत नाही. कुणी ठामपणे म्हणालं असतं की तुझ्यामुळेच, तर निदान रडता तरी आलं असतं.

२४ एप्रिल
मशीन आलं. आता आलं.
चालवायला शिकवणारा पोरगा दोन तास व्हिडिओ कॉलवर. तिसऱ्या खेपेला टेप सरळ बसली. नसीमबीने बाहीचं तोंड बांधून आत पाणी ओतलं आणि दोरीवर टांगली. आम्ही सगळ्या खाली फरशीकडे बघत उभ्या. एक थेंब नाही. शिवणाऱ्यांतली सगुणा टाळ्या वाजवायला लागली आणि माझ्याकडे बघून थांबली.
चांगलं मशीन आहे. हेच पंधरा दिवस आधी आलं असतं तर. कितीदा लिहू हे.

२७ एप्रिल
नवा कागद. अनुदानाचा दुसरा हप्ता मिळायचा तर पहिल्या लॉटबद्दल सेंटरच्या माणसाचा अभिप्राय हवा. नाही मिळाला तर मशीन परत. साहेब फोनवर अगदी मायेने: "तुमची बहीणच आहे की तिथं. स्टाफ नर्सची सही चालते. 'समाधानकारक' लिहून घ्या, विषय संपला."
फोन कापला.
मिलिंद म्हणाला, "सुजाता, बावीस घरं आहेत. एका शब्दाचा प्रश्न आहे."
म्हटलं, ती नाकात नळी घालून पडलीय आणि तिच्याकडून मी हे लिहून घेऊ? जेवलो नाही आम्ही दोघं. म्हणजे मी नाही, तो जेवला.

२९ एप्रिल
प्र.ची नळी काढली. व्हिडिओवर दिसली. गाल बसलेत, पण माझ्यावर डाफरली, "तू जेवून घे आधी." आज कुणावर चिडले नाही. म्हणजे सकाळी फक्त पाणीवाल्यावर.

५ मे
दुसरा हप्ता मंजूर. पत्रात लिहिलंय: 'पहिल्या लॉटबाबत वापरकर्त्याचा अभिप्राय समाधानकारक.' खाली जोडलेला कागद, त्यावर प्रज्ञाची सही. तिचं अक्षर मी तिला पाटीवर गिरवायला लावलंय, मला कळणार नाही?
मिलिंदने नेऊन दिला होता कागद. सर्व्हेचा बिल्ला गळ्यात, त्याला गेटवर कोण अडवणार. विचारलं तर शांतपणे म्हणाला, "मी नेला. तिनं वाचून सही केली. जबरदस्ती न्हाई केली."
प्र.ला फोन लावला. "दाजींनी सांगितलं मशीन जाईल म्हणून. तू कधी मागितलं नसतंस मला. मंग मीच देऊन टाकलं."
मी तिच्यावर ओरडले. आजारी माणसावर ओरडले. ती ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "झालं का? आता ठेवू?"
मिलिंदशी बोलत नाही.

९ मे, रविवार
सकाळी टेम्पोत नवे टेपवाले गाऊन घालून सेंटरला गेले. हे घ्या, ते खोके द्या, अदलाबदल. सोपं वाटलं होतं.
स्टोअरवाल्याने अभिप्रायाची प्रत पुढे केली. "हे बघा बाई, समाधानकारक. सही तुमच्याच बहिणीची. चांगला माल परत कसा देऊ? वरून लेखी आणा." नवे मात्र ठेवून घेतले. कोपऱ्यातल्या खोक्यांवर 'वापरू नये'चा कागद दिसला नाही. विचारलं. "आता कशाला पाहिजे?" एक खोका फोडलेलाही होता.
साहेबांचा फोन बंद, रविवार.
प्र. सुट्टी होऊन तिच्या खोलीवर आलीय, उद्यापासून परत ड्युटी. तिकडे जाऊन तिला म्हणाले, आत्ता लिहून दे की तो अभिप्राय खोटा आहे.
तिने उद्याचा युनिफॉर्म घडी करून ठेवला. मग म्हणाली, "ताई, सरकारी कागदावर खोटं लिहिलं म्हणून माझी नोकरी जाईल. तुला सुचलं न्हाई का हे?"
नाही सुचलं. मशीन सुचलं, बाया सुचल्या, साहेबांच्या कानाखाली जाळ काढायचं सुचलं. हे नाही सुचलं.
मीच लिहायला बसले. 'पहिला लॉट सदोष असून त्याची पूर्ण जबाबदारी माझी आहे.' पुढे अभिप्रायाचं काय लिहायचं? मी खरं लिहिलं की ती खोटी ठरते. दोनदा लिहिलं, दोनदा फाडलं. मिलिंद दारात आला, पाण्याचा तांब्या ठेवून गेला.
तिसरा कागद समोर आहे. पहिली ओळ झाली. उद्या आठला तिची ड्युटी लागते, आणि तो खोका फोडलेला आहे.