धुरा पेटवला त्या दिवशी

माय,

दादा गेले. या पावसाळ्यात, आषाढ सरता सरता. तेवढंच तुला सांगायचं म्हणून बसले, आणि मन मात्र त्या जुन्या उन्हाळ्यातच जाऊन थांबलंय.

मी कॉलेजच्या सुट्टीत धावड्याला आल्ते. तू चुलीपुढं भाकरी थापत होतीस आणि दादा धुरा पेटवायला निघाले होते. पेरणीआधी सगळेच आपापल्या बांधावरचं गवत पेटवत, त्यात वेगळं काही नव्हतं. तू म्हणालीस, "वारं उठलंय, आज राहू द्या की." दादा म्हणाले, "मंग कधी? रान जल्दी साफ झालं पायजे." "पाण्याचा हंडा तरी न्या." त्यांनी हंडा नेला, माय. कडुनिंबाचे डहाळेही तोडून ठेवले होते. हे मुद्दाम लिहिते, कारण नंतर लोक त्यांना बेफिकीर म्हणायचे.

दुपारी वावटळ उठली आणि तिनं पेटतं गवत उचलून डोंगरावरच्या कुसळी गवतात नेऊन टाकलं. वाळलेली कुसळी पेटताना तडतडते, लाह्या फुटाव्यात तशी. मी, दादा, शेजारपाजारचे, सगळे डहाळ्यांनी झोडपतोय, पण चढावर आग माणसाच्या पुढं पळते. वर त्या एकट्या राहणाऱ्या मावशीचा गोठा. मावशी बाजाराला गेलेली, शेळ्या दाव्याला. त्यांचं ओरडणं खाली ऐकू आलं आणि तू पदर खोचून चढाला लागलीस. दादा ओरडले, "अगं, मागं फिर!" मीही ओरडले. तू न वळता नुसता हात हलवलास. थोड्या वेळानं शेळ्या एकेक करून खाली पळत आल्या. तू त्यांच्या मागून आलीस, पण फार उशिरा. तुझं लुगडं पेटलेलं होतं.

जालन्याच्या दवाखान्यात दादा खाटेच्या पायथ्याशी उभे असायचे, जवळ येत नव्हते. तूच त्यांना म्हणालीस, "अवो, वाऱ्याला कुणाचं ऐकू येतं व्हय? जिवाला लावून घेऊ नका." मग माझ्याकडं बघून, "त्यांना जेवू घाल गं." त्यानंतर तू बोलली नाहीस.

सरणापाशी दादांनी हात मागं घेतले. "माझ्यानं न्हाई होत." मग मी पुढं झाले. लेकीनं अग्नी द्यायची आपल्याकडं रीत नव्हती, पण त्या दिवशी कुणी शब्द काढला नाही.

त्यानंतर दादांनी कधी काडी ओढली नाही. चूल मी पेटवायची. जालन्यात बियाण्याच्या कंपनीत मला नोकरी लागली, तसं शेजारच्या वहिनी सकाळ-संध्याकाळ येऊन गॅस पेटवून द्यायच्या. बांधावरचं गवत ते विळ्यानं कापत, हात सोलून निघत. भेटेल त्याला सांगत, पेटवू नका रे. लोक मान डोलवत आणि पेटवत.

या उन्हाळ्यात शेजारच्या वावरातल्या दादांच्या पुतण्यानं मक्याची धसकटं जाळायला काढली. मी रविवारची गावी होते. दादा काठी टेकत गेले आणि त्याच्या वावरात मधोमध बसले. तो चिडला. "काका, उठा. मजूर भेटना, मशीनचा खर्चा झेपना. सगळेच जाळून राह्यले, मी एकट्यानं काय घोडं मारलं?"

"मला उचलून ने, मंग पेटव."

त्यानं काडीपेटी खिशात घातली. शेवटी मला म्हणाला, "ताई, न्या यांना घरी. न्हाई पेटवत."

त्याच आठवड्यात त्यानं पेटवलं. वाईट माणूस नाही तो. पेरणी तोंडावर आली होती, आणि त्यानं कडेनं पाणीही मारलं होतं. तरी आग डोंगरावर गेलीच. वर आता कोणी राहत नाही, नुसता डोंगर जळाला. वहिनी सांगतात, दादा ओट्यावर उभे राहून डोंगराकडं बघत ओरडत होते, "मागं फिर, मागं फिर," पार घसा बसेपर्यंत. मी निरोप मिळताच आले, तेव्हा त्यांच्या तोंडून आवाज निघत नव्हता.

पुतण्या येऊन पायावर पडला. दादांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. पण त्यांचं जेवण सुटलं ते सुटलंच. मी रजा काढून राहिले, वरणभात कालवून घास पुढं करायची, आणि ते हळूच तोंड फिरवायचे, लहान मूल फिरवतं तसं. त्यांनाही अग्नी मीच दिला.

तेराव्यानंतर पुतण्या म्हणाला, "ताई, पुढच्या साली धसकटांची कुट्टी करायचं मशीन भाड्यानं आणू, दोघांचं रान बराबर करून घेऊ." मी हो म्हटलं. त्याला दुसरं काय म्हणणार होते?

गावात अजून तुझी आठवण काढतात. मुक्या जितराबासाठी जीव दिला म्हणतात, नव्या सुनांना सांगतात. मी तिथं मान डोलवते. हे पत्र कुठल्या पेटीत पडणार नाही, म्हणून तुला तेवढं खरं सांगते. त्या शेळ्या जळाल्या असत्या तरी मला चाललं असतं, माय.